वारसा आणि राष्ट्रचिन्हांवर चित्र काढताना : नवोदित चित्रकारांसाठी मार्गदर्शक

स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन किंवा शिवजयंती जवळ आली की ‘आपला वारसा’, ‘माझा देश, माझा अभिमान’ अशा विषयांवर चित्रे मागवली जातात. आलेल्या बहुतेक चित्रांत उगवता सूर्य, फडकता तिरंगा, दूरवर किल्ला, पुढे घोडेस्वार आणि ढगांत एखाद्या नेत्याचा चेहरा, असे सगळे एकाच कागदावर दाटीवाटीने बसलेले असते. काढणाऱ्याची भावना खरी असते. अडचण एवढीच की त्या चित्रात पाहणाऱ्याला थांबवून ठेवील असे काही नसते. आधी स्पर्धक म्हणून आणि पुढे चित्रे निवडणाऱ्यांच्या बाजूला बसून मी जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की वारशावरचे चित्र उभे राहते ते नीट पाहिलेल्या आणि नीट तपासलेल्या तपशिलावर. तो तपशील कुठून मिळवायचा, कुठे चुकण्याचा संभव असतो आणि कायद्याने काय चालत नाही, हे खाली क्रमाने सांगितले आहे.

१. विषय एका वस्तूपर्यंत आणा

‘महाराष्ट्राचे किल्ले’ हा चित्राचा विषय होऊ शकत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी हा होऊ शकतो. ‘स्वातंत्र्यलढा’ याऐवजी मादाम कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फडकावलेला ध्वज घ्यावा: वर हिरवा, मध्ये केशरी आणि खाली तांबडा पट्टा, आणि मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. एवढी एक वस्तू चित्राला पुरते.

नवोदितांना मी बहुधा वीरगळ सुचवतो. गावाबाहेरच्या मंदिराजवळ, पाराखाली किंवा ओढ्याकाठी उभी असलेली ही स्मारकशिळा अनेकांच्या रोजच्या वाटेवर असते आणि तरी कोणी तिच्याकडे पाहिलेले नसते. ती खालून वर वाचायची. सर्वांत खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग असतो, आणि गाईगुरांच्या रक्षणासाठी वीर पडला असेल तर तिथेच गुरेही कोरलेली दिसतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर बहुधा कलश आणि चंद्रसूर्य असतात. बऱ्याच वीरगळांवर वीराचे नावही नसते. पराक्रम, गाव, श्रद्धा आणि शिल्पकला हे सारे त्या एका दगडात आहे. वेगळा घोडेस्वार आणून बसवण्याची गरज उरत नाही.

२. साहित्य जमवा

फार काही लागत नाही. महागडे रंग आधी घेऊन ठेवण्याचा मोह टाळावा.

- हातात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची रेखाटनवही. पातळ कागदाची वही वाऱ्यात उपयोगाची नाही
- एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली, खोडरबर, मापनफीत
- अंतिम चित्रासाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) जलरंगाचा कागद
- जलरंग किंवा पोस्टर रंग. काळ्या रंगाची नळी शक्यतो बाजूला ठेवावी, कारण सह्याद्रीचा बेसाल्ट निव्वळ काळा कधीच दिसत नाही
- कंपास, कोनमापक आणि लांब पट्टी. तिरंगा किंवा अशोकचक्र काढायचे असेल तर यांच्यावाचून चालणार नाही
- संदर्भांची वेगळी वही, जिच्यात प्रत्येक तपशील कुठे पाहिला किंवा वाचला ते तारखेसह लिहिलेले असेल

ही शेवटची वही बहुतेकांना अनावश्यक वाटते. प्रदर्शनात कोणी ‘ही पगडी त्या काळात होती का?’ असे विचारले की तिची किंमत कळते.

३. जागेवर जा आणि तिथेच रेखाटा

मोबाइलवर छायाचित्र काढून घरी येणे पुरेसे नाही. छायाचित्रात मापाचा अंदाज हरवतो आणि सावलीतला भाग सपाट काळा होतो. जागेवर पोचल्यावर आधी वस्तूभोवती एक फेरी मारा, मग मापे घ्या: शिळेची उंची, रुंदी, प्रत्येक चौकटीची उंची. त्यानंतर संपूर्ण आकाराचे एक झटपट रेखाटन करा आणि मग एखाद्याच भागाचे सावकाश, जवळून रेखाटन करा; वीराच्या हातातील ढालीचा आकार, घोड्याचा लगाम, अप्सरेच्या हाताची वळणे यांसारखे. झिजलेल्या ठिकाणी जे दिसत नाही ते मनाने पूर्ण करू नका. रेषा तुटक सोडा; झीज हा त्या दगडाचाच भाग आहे.

कोरीव काम पाहण्याची वेळ सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. दुपारी डोक्यावरच्या उन्हात उठाव दिसत नाही आणि बाजूने येणाऱ्या प्रकाशात तेच शिल्प स्पष्ट उभे राहते. रंगाची नोंदही तिथेच करा. कोरडा बेसाल्ट राखेसारखा फिका असतो, भिजला की निळसर काळा होतो, आणि जुन्या दगडावरचे पिवळट पांढरे दगडफूल दुरून चुन्याचे डाग वाटतात.

इथला सर्वांत मोठा धोका म्हणजे शिल्प उठून दिसावे म्हणून त्यावर खडू फासणे, तेल किंवा पाणी ओतणे, किंवा कागद टेकवून पेन्सिलीने ठसा घासणे. यांतले काहीही करू नये. संरक्षित स्मारकाला हानी पोचवणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि असंरक्षित शिळेच्या बाबतीत कायदा आड आला नाही तरी दगड झिजायचा तो झिजतोच. केंद्र संरक्षित स्मारकात वही घेऊन बसायला सहसा कोणी हरकत घेत नाही. मात्र तिपाई लावून छायाचित्रण करायचे असेल तर पूर्वपरवानगी लागते. अजिंठ्यासारख्या ठिकाणी चित्रांवर फ्लॅश मारण्यास बंदी आहे, ती कसोशीने पाळावी.

प्रत्यक्ष पाहण्याला थोरामोठ्यांनी किती महत्त्व दिले, याचे उदाहरण आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतच आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुलेखनाच्या या प्रतीची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील शिष्यांनी केली. त्यांतील सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहशीर्षाचे रेखाटन करणारे तरुण चित्रकार दीनानाथ भार्गव हे खरे सिंह पाहण्यासाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असत, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. शिल्पाची नक्कल करायची असतानाही जिवंत प्राणी पाहावा, हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

४. काळ तपासा

चांगले रंगवलेले चित्र बाद होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. प्रसंग एका काळातला आणि वस्तू दुसऱ्या काळातल्या, असा घोळ कसा होतो ते काही उदाहरणांवरून पाहू.

स्वातंत्र्यलढ्यातील ध्वज: अशोकचक्र असलेला तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. त्यामुळे ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अली यांनी फडकावलेल्या ध्वजावर अशोकचक्र दाखवता येत नाही. त्या वेळी काँग्रेसचा केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असलेला १९३१ चा ध्वज होता. १९३० च्या दांडीयात्रेचे चित्र असेल तर आणखी मागे जावे लागेल. तेव्हाच्या चरख्याच्या ध्वजात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली तांबडा पट्टा असे. ‘चले जाव’च्या चित्रांत ही चूक इतकी सर्रास दिसते की अचूक ध्वज काढलेले चित्र नजरेत भरते.

वास्तू: आज जे दिसते ते त्या काळी तसेच होते असे धरून चालू नका. शनिवारवाड्याचा आज उभा आहे तो तट आणि दरवाजे. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. तेव्हा पेशवाईतला प्रसंग रंगवताना आजची जोती दाखवणे जितके चुकीचे, तितकेच आधार नसताना मनाने सातमजली महाल उभा करणेही. रायगडावरच्या राजसदरेवर आज दिसणारी मेघडंबरी आणि पुतळा आधुनिक काळातला आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या चित्रात तो जसाच्या तसा उचलून घेऊ नये.

चेहरे आणि वेश: छत्रपती शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील दख्खनी शैलीची चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसमध्ये आहेत. त्यांतला जामा, पागोटे, तुरा, दाढीची ठेवण आणि शस्त्रे नीट अभ्यासा. दिनदर्शिकांवरची आणि नाटक-चित्रपटांतली वेशभूषा हा संदर्भ नव्हे. पुणेरी पगडी, पेशवाई थाटाचे दागिने आणि आजच्या समारंभातली नऊवारी शिवकाळात नेऊन बसवणे हा असाच दुसरा ठरीव दोष.

लिपी: जुना कागद दाखवायचा म्हणून त्यावर मोडी लिहायची असेल तर संगणकावर फाँट बदलून मिळालेला मजकूर वापरू नका. मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेषा आखून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे न तोडता लिहीत जातात. शब्द सुटे नसतात. मजकूर मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय चित्रात घेऊ नये.

संगणकाने तयार करून दिलेली चित्रे तर संदर्भ म्हणून मुळीच घेऊ नका. त्यांतल्या किल्ल्याला राजस्थानी झरोके असतात, बुरुजाला जंग्या (आतून मारा करण्यासाठीची भोके) नसतात आणि गोमुखी दरवाजा सरळ समोर उघडा असतो. दोन बुरुजांच्या आड दरवाजा लपवणे हा ज्या बांधणीचा हेतू, तीच तिथे उलटलेली असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशांत महाराष्ट्रातील ११ किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले आहेत. साल्हेर, रायगड, पन्हाळा, विजयदुर्ग ही नावे वाचली तरी लक्षात येते की डोंगरी किल्ल्याचा आणि जलदुर्गाचा एकच साचा नसतो.

५. राष्ट्रध्वज, राजचिन्ह आणि नकाशा काढण्याचे नियम वाचा

कागदावरच्या तिरंग्याला ध्वजाचे नियम लागू नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात ध्वजाच्या व्याख्येतच त्याचे चित्र, रेखाटन आणि छायाचित्र येते. जाणूनबुजून केलेल्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आधी आकार नीट काढा. ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण ३:२ असते. उंची तिनाने भाग जाईल अशी घेतली की काम सोपे होते: लांबी ३६ सेंटिमीटर, उंची २४ सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा ८ सेंटिमीटर. चक्र गडद निळे, आऱ्या २४. म्हणजे कोनमापकाने दर १५ अंशांवर एक खूण. ध्वजसंहितेतील ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर दिला आहे. त्याच प्रमाणात २४ सेंटिमीटर उंचीच्या ध्वजावर तो सुमारे ७.४ सेंटिमीटर येतो. चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या कडांना टेकत नाही, थोडी जागा सुटते. फडकता ध्वज काढताना आऱ्या अंदाजाने काढल्या जातात आणि हमखास कमी-जास्त होतात, म्हणून आधी सपाट चक्र काढून मग वळणाप्रमाणे दाबून घ्यावे.

आता काय करू नये ते. ध्वजावर ‘जय हिंद’सह कोणतीही अक्षरे लिहू नयेत. केशरी पट्टा खाली येईल अशी मांडणी नको. भिंतीवर ध्वज उभा लावलेला दाखवायचा असेल तर केशरी पट्टा समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. उशा, रुमाल, हातपुसणी किंवा पेहरावाचे कापड यांवर तिरंगा छापू अथवा भरतकामाने काढू नये, आणि कोणत्याही जाहिरातीत तो वापरू नये. चित्राच्या छापील प्रती विकण्याचा विचार असणाऱ्यांनी ही शेवटची वाक्ये पुन्हा एकदा वाचावीत.

राजचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावर पाठीला पाठ लावून चार सिंह आहेत. राजचिन्हात तीन दिसतात. खालच्या पट्टीवर मध्ये चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला घोडा आणि दोन्ही टोकांना चक्रांच्या कडा दिसतात. मूळ स्तंभावरचे उलट्या कमळाचे आसन राजचिन्हात वगळले आहे आणि तळाशी मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन देवनागरीत आहे. सारनाथचे शिल्प एक प्राचीन कलाकृती म्हणून अभ्यासून रंगवणे वेगळे आणि आपल्या चित्राच्या कोपऱ्यात, प्रमाणपत्रावर किंवा मंडळाच्या नामफलकावर राजचिन्ह टाकून त्याला सरकारी रूप देणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. उत्साहाच्या भरात मंडळे हे फार करतात.

नकाशा काढायचा असेल तर तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्यावा. विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्याखाली गुन्हा आहे. महाजालावरून घेतलेल्या अनेक बाह्यरेखांत उत्तरेची सीमा तुटलेली असते, आणि अंदमान-निकोबार व लक्षद्वीप तर पुष्कळांच्या चित्रांतून गळूनच जातात.

आणखी एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापराविषयीच्या १९५० च्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव किंवा चित्र व्यापारी कामासाठी केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. दिनदर्शिकेवरील चित्राला सवलत आहे, पण तीही दिनदर्शिकेवर केवळ निर्मात्याचे आणि मुद्रकाचे नाव असेल आणि मालाची जाहिरात नसेल तरच. एखाद्या दुकानदाराने आपल्या मालाच्या वेष्टनासाठी महाराजांचे चित्र मागितले, तर काम हाती घेण्याआधी हा कायदा त्याच्यापुढे ठेवा.

६. लोककलेतून घेताना मूळ धारकांचा मान राखा

वारली, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीची चित्रकथी यांसारख्या शैली वारसा म्हणून वापरल्या जातात, पण त्या आज जिवंत समाजाच्या आहेत. वारली चित्रे मुळात लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढत असत. लग्नचौकातली, म्हणजे भिंतीवर काढलेल्या चौकोनी आकृतीतली, पालघट देवी हा त्या विधीचा गाभा. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या प्रदर्शनांत नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीत चित्रे एकामागून एक दाखवत कथा गाऊन सांगितली जाते. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

दोन त्रिकोण जोडून माणूस काढला की वारली चित्र होत नाही. शक्य असेल तर पालघर जिल्ह्यातील एखाद्या वारली कलावंताकडे बसून शिका आणि शिकवणीचा मोबदला द्या. लग्नचौक शोभेचा नमुना म्हणून पिशव्यांवर छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे आपले काम विकताना ‘वारली शैलीवरून प्रेरित’ असे लिहा. ‘अस्सल वारली’ म्हणू नका.

७. दुसऱ्याच्या चित्रावरून काढताना हक्क पाहा

भारतात चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ साली आणि म. वि. धुरंधर यांचे १९४४ साली झाले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपला आहे. हयात चित्रकाराचे शिवराज्याभिषेकाचे चित्र मात्र रंग बदलून किंवा उलटे करून स्वतःचे म्हणून देता येत नाही. वास्तूंची, तसेच सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांची चित्रे काढण्यास कायदा मुभा देतो. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र काढायचे असल्यास छायाचित्रकाराची लेखी संमती घ्या.

८. चित्र पाठवताना ही कागदपत्रे जोडा

- चित्र स्वतःचे असल्याचे सही केलेले निवेदन
- चित्राचे नाव, माप, माध्यम आणि वर्ष
- शंभर-दीडशे शब्दांचे टिपण: वस्तू कोणती, कुठे पाहिली, कोणत्या संदर्भावर तपशील बेतला
- संमतीपत्रे: छायाचित्रकाराची, आणि एखाद्या हयात व्यक्तीचा चेहरा ओळखू येईल असा काढला असेल तर त्या व्यक्तीची
- चित्राचे ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन किंवा सावलीत, समोरून घेतलेले छायाचित्र
- मागितले असल्यास ओळखपत्राची आणि वयाच्या दाखल्याची प्रत

नियमावलीत हक्कांविषयीचे कलम शोधून वाचा. ‘पाठवलेल्या सर्व चित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे लिहिलेले असेल, तर बक्षीस न मिळताही चित्र आपल्या हातून जाते; अशा ठिकाणी मी चित्र पाठवत नाही. मूळ चित्र टपालाने पाठवावे लागणार असेल तर आधी स्कॅन करून ठेवा, चित्र गुंडाळी न करता दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, माप व संपर्क लिहा. पेनाने लिहू नका. शाई कागदातून पुढे उमटते आणि नेमकी आकाशाच्या फिक्या भागात दिसते.